टांग टाकण्याचा इतिहास

मोटारसायकलीचा इतिहास लिहिणारे लोक इंजिनापासून सुरुवात करतात. किती सीसी, किती अश्वशक्ती, कुठल्या साली कुठली शर्यत मारली. माणूस गाडीवर चढतो कसा आणि उतरतो कसा, याला त्या इतिहासात ओळभर जागा नसते. लिहिणारे बहुधा तरुण असावेत. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात उभा जन्म बुलेटी खोलण्यात आणि जोडण्यात घालवला. आता सत्तरी ओलांडलीय, गॅरेज पोरगा बघतो, आणि उजव्या खुब्याने असहकार पुकारलाय. गाडी चालवायला मला आजही अडचण नाही. एकदा बसलो की मी तिशीतला. अडचण आहे ती जमीन आणि सीट यांच्यामधल्या अडीच-पावणेतीन फुटांची. त्या अडीच फुटांचा इतिहास सांगावा असं बरेच दिवस मनात होतं. कारण इतकी वर्षं हात काळे करून माझं मत असं झालंय की गाडी कुणासाठी बनवलीय हे इंजिन बघून कळत नाही, तिच्यावर चढायची वाट बघून कळतं.

पहिली मोटारसायकल म्हणून जिचं नाव घेतात ती १८८५ सालची. जर्मनीत कान्श्टाट इथे गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी ती केली. लाकडी सांगाडा, खोगिराच्या घाटाची सीट, आणि दोन्ही अंगांना आधारासाठी एकेक लहान चाक. म्हणजे मोटारसायकलीच्या अगदी पहिल्या नमुन्यावर चढताना तोल सांभाळायचा प्रश्नच नव्हता! माझ्यासारख्याला आज हवी तशीच गाडी ती. डाइमलरचा मुलगा पाउल याने त्या नोव्हेंबरात ती चालवली. इंजिन नेमकं सीटखाली असल्यामुळे सीटने पेट घेतला, असं सांगतात. तेव्हा त्या पोराला चढण्यापेक्षा उतरण्याचीच घाई झाली असणार.

पुढे ती बाजूची चाकं गेली आणि कसोटी सुरू झाली. म्युनिकच्या हिल्डेब्रँड आणि वोल्फम्युलर यांनी १८९४ साली विकण्यासाठी म्हणून मोटारसायकली बनवल्या. त्यांना क्लच नव्हता. गाडी धरून पळायचं, इंजिनाने दम धरला की पळता पळता उडी मारून बसायचं. त्यानंतरची पंधरा-वीस वर्षं बहुतेक गाड्यांचं हेच चाललं. इंजिनावरून पट्टा थेट मागच्या चाकाला; चाक थांबलं की इंजिन थांबलं. चौकात कुणी आडवा आला, तर खाली उतरा आणि पुन्हा पळा. काही गाड्यांना सायकलीसारखी पायडलं असायची, चढावर मदतीला. आइल ऑफ मॅनची टीटी शर्यत १९०७ साली सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिथे पायडलांवर बंदी आली. शर्यतीत ढकलून सुरू करायची रीत मात्र फार टिकली. जगज्जेतेपदाच्या शर्यतींत गडी गाडी ढकलत पळायचे आणि एक मांडी टाकून बसायचे, ते थेट १९८६ पर्यंत. तोवर आमच्या उद्यमनगरात सेल्फ स्टार्टची कायनेटिक होंडा दुरुस्तीला यायला लागली होती.

सांगायचा मुद्दा, पहिली पिढी धावणाऱ्यांची. ज्याला वीस पावलं पळून उडी मारता येत नव्हती, त्याच्यासाठी मोटारसायकल नव्हतीच. यात पहिला फरक केला तो यॉर्कशरच्या आल्फ्रेड स्कॉट याने. १९०८ च्या सुमारास त्याने आपल्या गाडीला पायाने मारायची किक बसवली, आणि सांगाडा असा केला की मध्ये आडवी नळी नाही, टाकी मांड्यांच्या मध्ये नाही. गाडी उभी असताना सुरू करा, समोरून पाय घाला आणि बसा. लांब झगा घातलेल्या बाईलाही बसता यावं असा तो घाट होता. किक जगाने उचलली, सांगाडा उचलला नाही. मोटारसायकल म्हणजे मधोमध टाकी आणि तिच्यावरून टांग, ही आकृती लोकांच्या डोक्यात बसली ती बसलीच.

चढायचं डावीकडून, हेही जुनंच. घोड्यावर डावीकडून चढायचं कारण तलवार डाव्या कमरेला, उजवा पाय मोकळा. घोड्याकडून सायकलीने घेतलं, सायकलीकडून मोटारसायकलीने. मग कारखान्याने साइड स्टँड डावीकडे दिला आणि रीत पक्की झाली. आज कुणाच्या कमरेला तलवार नाही, पण गाडी डावीकडेच कलते. त्यामुळे उजवा खुबा गेलेल्याला टांग वर जात नाही, आणि डावा गेलेल्याला त्याच एका पायावर अख्खं अंग पेलावं लागतं. सुटका कुणाचीच नाही.

आमच्या पिढीची तयारी मात्र लहानपणीच झालेली असायची. घरात एकच सायकल, काळी, चोवीस इंची, मध्ये नळी असलेली. आठ-नऊ वर्षांचा पोरगा नळीखालून पाय घालून, अर्धं अर्धं पायडल मारत शिकायचा. दोन-तीन वर्षांनी पहिल्यांदा नळीवरून टांग पडली की गल्लीत मोठा झाला. सायकल पळवत नेऊन डावा पाय पायडलवर आणि उजवी टांग मागून, ही सवय हाडात गेलेली. बुलेट समोर आली तेव्हा आम्हाला नवीन काही शिकायचं नव्हतं, फक्त वजन वाढलं होतं.

बुलेट हे नाव रॉयल एनफील्डने इंग्लंडातल्या रेडिचच्या कारखान्यात १९३२ साली पहिल्यांदा वापरलं. आपल्याकडे ती मोठ्या संख्येने आली ती लष्करामुळे. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवर गस्त घालायला गाड्या हव्या होत्या आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या गेल्या. १९५५ साली मद्रास मोटर्सबरोबर एनफील्ड इंडिया उभी राहिली. मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला आधी रेडिचहून आलेले सुटे भाग जोडायचे, मग १९६२ पर्यंत सगळे भाग तिथेच बनायला लागले. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला, मूळ कंपनी सत्तरीच्या आसपास संपली. इंग्रजांची गाडी मद्रासेत जिवंत राहिली आणि १९७७ पासून तिकडे परत निर्यातही व्हायला लागली. मद्रासेत राहिली म्हणजे जशी होती तशी राहिली, हे महत्त्वाचं. बाकी जग पुढे गेलं. आमच्याकडे चाळीस वर्षं तीच किक, तोच डबल स्टँड, तीच उंची.

कोल्हापुरात बुलेटवर कोण बसायचं? फौजदार. निवृत्त सुभेदार. उसाचा मोठा बागायतदार, साखर कारखान्याचा संचालक. आणि पैलवान. पैलवानाला गाडी शोभायची, कारण हजार बैठका मारलेल्या मांडीला दीडशे-पावणेदोनशे किलो वजन म्हणजे काहीच नाही. खासबागेत कुस्ती असली की मैदानाबाहेर बुलेटींची रांग लागायची. पैलवान गाडीपाशी यायचा, हँडलला हात लावायचा आणि टांग टाकायचा. बघणारी पोरं टांगच बघायची. बुलेटवर बसण्यात जो मान होता त्यातला अर्धा चढण्यात होता, हे मी शपथेवर सांगतो. आणि त्याच पैलवानांचे गुडघे साठीत सगळ्यांच्या आधी गेले. त्यांना गाडी विकताना मी बघितलंय. गाडीत दोष नाही म्हणायचे, फक्त आता फिरणं राहिलं नाही म्हणायचे. टांग वर जात नाही असं एकानेही म्हटलं नाही.

चढून झालं की किक. आजच्या पोरांना बुलेटची किक म्हणजे काय हे सांगायला हवं. चावी फिरवली की अँपिअर मीटरचा काटा वजाकडे झुकतो. मग किक पायाने हळूहळू दाबत न्यायची. काटा मध्यावर उडी मारतो तिथे थांबायचं. डाव्या मुठीजवळची डीकॉम्प्रेसरची खटकी ओढायची, किक बोटभर पुढे न्यायची, खटकी सोडायची, किक वर येऊ द्यायची, आणि मग अंगाचं सगळं वजन एका दमात खाली. जमलं तर एका किकेत सुरू. घाई केली तर किक उलटून पायावर बसायची. घोटा सुजून लंगडत आलेला गिऱ्हाईक गॅरेजला नवा नव्हता. हे सगळं उजव्या पायाने, आणि डावा पाय एकटा जमिनीवर किंवा फुटरेस्टवर. जाणते लोक गाडी डबल स्टँडवर घेऊन, डाव्या फुटरेस्टवर उभे राहून किक मारायचे. वय झालेल्या माणसाला तीच एक सुरक्षित रीत होती. पण भर बाजारात गाडी डबल स्टँडवर घेऊन किक मारणं कमीपणाचं वाटायचं.

डबल स्टँडवर घेणं ही तर स्वतंत्र विद्या. नवशिका हातांनी गाडी उचलायला बघतो आणि कंबर धरून बसतो. गाडी उचलायची नसतेच. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला समान टेकवायचे, उजवा पाय स्टँडच्या कानावर ठेवून त्यावर अख्खं उभं राहायचं, हाताने फक्त दिशा द्यायची. गाडी आपोआप मागे जाऊन बसते. आमच्याकडचा एक कामगार अंगाने काडी होता, पण दिवसभर बुलेटी चढवायचा. ताकदीचा आणि याचा संबंध नाही. हे जर पन्नाशीतल्या लोकांना कुणी नीट शिकवलं असतं, तर अर्ध्या गाड्या विकल्या गेल्या नसत्या.

जावाचं गणित वेगळं. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून ती बनवली, पुढे तिचं नाव येझदी झालं. तिची किक डावीकडे, आणि गंमत अशी की किक आणि गिअरचा दांडा एकच. दांडा आत दाबून फिरवला की किक, सुरू झाली की परत गिअर. उजवा पाय कामातून गेलेला माणूस जावा सुरू करू शकायचा. आमच्या गिऱ्हाइकांतले दोघं-तिघं केवळ या कारणाने बुलेटवरून येझदीवर गेले. राजदूतवाल्यांनी तर ‘बॉबी’ सिनेमाने गाजवलेली ती छोटी गाडी काढली होती, जीटीएस तिचं नाव, लोक बॉबीच म्हणायचे. बसकी, बारक्या चाकांची. चढायला तिच्याइतकी सोपी गाडी त्या काळात दुसरी नव्हती. ती घेतली कॉलेजच्या पोरांनी, ज्यांना सोप्याची गरज नव्हती.

टांग मागूनच टाकायची असा नियम मोडला तो दूधवाल्यांनी. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर पहाटे या. खेड्यातून आलेल्या राजदूत, येझदी, बुलेटी. मागे दोन्ही बाजूंना दुधाच्या मोठाल्या किटल्या टांगलेल्या, कॅरिअरवर वैरणीचा भारा. मागून टांग टाकायला जागाच नाही. मग दूधवाला गाडीला डावीकडून खेटून उभा राहतो, हँडल डावीकडे वळवतो, उजवा गुडघा छातीशी घेतो आणि पाय टाकीवरून पलीकडे सोडतो. उतरताना तसाच परत. धोतर असेल तर आधी ओचा वर खोचतो. यांच्यात साठी-पासष्टीचे लोक सर्रास असायचे आणि कुणी पडलेला मी पाहिला नाही. मागून टांग टाकताना पाय सरळ लागतो, कमरेतून मागे-वर जावा लागतो. जुन्या खुब्याला नेमकं तेच नको असतं. समोरून पाय नेताना गुडघा दुमडलेला असतो. दूधवाल्याने हे कुठल्या डॉक्टरला विचारलं नव्हतं. किटल्यांनी त्याला शिकवलं.

लांबच्या प्रवासाला जाणारे आजचे लोक बुलेटच्या मागे पेट्या, पिशव्या, पाठ टेकायचा उंच दांडा असं सगळं बांधतात आणि मग टांग अडकून गाडीसकट आडवे होतात. त्यांना मी गंगावेशीचा पत्ता देतो.

बायकांचा भाग या इतिहासात थोडा आहे आणि चीड आणणारा आहे. कावळा नाक्यावर महाराणी ताराबाईंचा अश्वारूढ पुतळा आहे; घोडा मागच्या दोन पायांवर आणि बाईंची मांड पक्की. काष्ट्याच्या नऊवारीत दोन्हीकडे पाय टाकून बसता येतं, हे आपल्या मुलखात कुणाला सांगायची गरज नव्हती. तरी माझी आजी लुगड्यात असून माझ्या वडिलांच्या सायकलीवर एकाच बाजूला पाय सोडून बसायची, आणि पुढे पाचवारीतल्या बायका बुलेटवर तशाच. एका बाजूला वजन, एका हातात पोर. कायद्याने नंतर त्यांची थोडी काळजी घेतली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२३ व्या नियमानुसार मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण लागतं. साडीगार्ड म्हणतो तो हाच. चढायला पायरी मात्र साडीगार्डलाच जोडून आमच्यासारख्या मिस्त्र्यांनी वेल्डिंग करून दिली. त्या पायरीवर आज नवरेच पाय ठेवून चढतात, हे बायकांनी लक्षात ठेवावं.

इंजिनिअरांत चढण्याचा विचार करणारे सगळे मोटारसायकलवाले नव्हते. कोरादिनो द’आस्कानिओ हा इटलीतला विमानांचा इंजिनिअर. त्याला मोटारसायकल आवडत नव्हती. अवजड, मळकट, चाक बदलायला त्रासाची. म्हणूनच पियाजिओ कंपनीसाठी १९४६ साली त्याने व्हेस्पा काढली, तेव्हा मधला अडथळाच काढून टाकला. खुर्चीवर बसल्यासारखं बसा, पाय समोर ठेवा. जपानात होंडाने १९५८ साली सुपर कब आणली. नूडल्स पोचवणाऱ्या पोराला एका हातात ताट धरून चालवता यावी म्हणून तिला हाताचा क्लचच ठेवला नाही, आणि मधून पाय घालायला जागा ठेवली. २०१७ पर्यंत त्या घराण्याच्या दहा कोटी गाड्या बनल्या. जगात दुसऱ्या कुठल्याही मोटार वाहनाला तो आकडा गाठता आलेला नाही. टांग टाकायची अट काढली की किती माणसं रांगेत होती ते बघा.

आपल्याकडे ती व्हेस्पा पुण्यात आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात बनायला लागली. तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. सुरू होईना की तिरकी करायची आणि पुन्हा किक मारायची, हा घराघरातला सकाळचा विधी होता. मग १९७२ साली फिरोदियांची लुना आली, पुढे बजाजची एम-८० आली. धोतर नेसणारा शेतकरी, सोवळ्याची पिशवी घेऊन निघालेले भटजी, हेडमास्तर, पोस्टमन, यांना पहिल्यांदा स्वतःचं इंजिन मिळालं ते या गाड्यांमुळे. आम्ही बुलेटवाले त्यांना हसायचो. उद्यमनगरात लुना दुरुस्तीला आली तर धाकट्या पोराकडे द्यायची, असा अलिखित नियम होता. सोपी गाडी म्हणजे बायकांची नाहीतर म्हाताऱ्यांची, हे मत मिस्त्र्यांचंही होतं, गिऱ्हाइकांचंही होतं आणि जाहिरातवाल्यांचंही. ते मत चुकीचं होतं आणि त्याची किंमत शेवटी आम्हीच मोजतोय, कारण आम्ही म्हातारे झालो.

बुलेटमध्ये बदल आले ते आयशरच्या हातात कंपनी गेल्यावर, म्हणजे नव्वदीनंतर, आणि खरे तर दोन हजार सालानंतर. बटणाचा स्टार्ट आला. गिअर उजवीकडून डावीकडे गेला, ब्रेक डावीकडून उजवीकडे. अमेरिकेने सत्तरीच्या दशकातच डाव्या गिअरची सक्ती केली होती, आपल्याकडे ते वारं पोचायला तीस वर्षं लागली. गिअरची चर्चा खूप झाली, पण उतरण्याशी त्याचा जो संबंध आहे त्यावर कुणी बोललं नाही. जुन्या बुलेटला मागचा ब्रेक डाव्या पायाखाली. थांबताना डावा पाय ब्रेकवर, म्हणून जमिनीला टेकायचा उजवा. नव्या गाडीत उजवा पाय ब्रेकवर, टेकायचा डावा. आता आपला रस्ता बघा. आपण डाव्या कडेने चालतो आणि रस्ता मधून उंच, कडेला उतरता असतो. म्हणजे उजवीकडची जमीन वर, डावीकडची खाली. जुन्या गाडीत बुटक्या माणसाचाही उजवा पाय नीट टेकायचा. नव्यात डावा पाय जमीन शोधत खाली जातो, आणि वजन त्याच बाजूला झुकलेलं. पन्नाशी उलटलेले किती लोक सिग्नलला उभ्याउभ्या डावीकडे आडवे झाले असतील त्याची मोजदाद नाही. आमच्या दारात वाकलेले क्लचचे दांडे येतात, त्यावरून अंदाज येतो.

आणि वजन वाढलं. जुनी ३५० साधारण १६५ किलोची. २०२१ च्या क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, सीट ८०५ मिलिमीटरवर. ६५० सीसीच्या गाड्या दोनशेच्या वर. गंमत म्हणजे या जड गाड्या घेणाऱ्यांत निवृत्तीचे पैसे हातात आलेले लोक खूप आहेत. तरुणपणी लुना परवडली, आता बुलेट परवडते. घरचे म्हणतात, या वयात? मी म्हणतो, अवश्य घ्या, पण चढण्या-उतरण्याचा सराव शोरूममध्ये नको, घरच्या अंगणात करा. जपान्यांनी हे केव्हाच ओळखलं होतं. होंडाच्या १९८८ सालच्या गोल्डविंगला स्टार्टरच्या मोटरवर चालणारा रिव्हर्स दिला होता. चारशे किलोच्या घरातलं ते धूड मागे ढकलायला ज्येष्ठ गिऱ्हाइकाने उतरूच नये म्हणून. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

माझ्या खुब्याला डॉक्टरांनी बदलायला सांगितलंय. त्यांनी चित्र दाखवलं. धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी. इंग्लंडात जॉन चार्नली नावाच्या सर्जनने १९६२ साली ही जोडी पक्की केली, म्हणजे मद्रासेत सगळे सुटे भाग बनायला लागले त्याच सुमाराला. मिस्त्री म्हणून मला ते काम पटलं. गोळा लहान ठेवला, घर्षण कमी केलं, घासणारा भाग प्लास्टिकचा ठेवला. बॉल आणि बुश. पण खुबा बदलल्यावरही टांग उंच फेकायला ते मनाई करतातच, निदान सुरुवातीला. म्हणून मी आधीच रीत बदललीय.

साइड स्टँड पूर्ण पुढे, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडल डावीकडे पूर्ण वळवलेलं. अंग टाकीला चिकटवायचं, छाती पुढे झुकवायची, पुढचा ब्रेक दाबून धरायचा. मग उजवा गुडघा दुमडून आधी गुडघा सीटवर टेकवायचा आणि तिथून पाय पलीकडे सरकवायचा. दिसायला देखणं नाही. घोडेस्वार रिकिबीत पाय घालून चढायचा तसं डाव्या फुटरेस्टवर उभं राहूनही चढता येतं, पण तेव्हा गाडीचं आणि तुमचं सगळं वजन साइड स्टँडच्या एका बोल्टवर येतं. जुन्या गाडीत तो बोल्ट आणि चेसिसवरचा त्याचा कान झिजलेला असतो. आधी मिस्त्रीकडून बघून घ्या. गॅरेजच्या दारात आम्ही वीतभर उंचीचा दगडी ठोकळा कायमचा बसवलाय. डाव्या पायाखाली तो आला की ८०५ मिलिमीटरचे सहाशेच्या आसपास होतात. आधी लोक लाजायचे. आता फौजदारकीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्याच दगडाशी गाडी लावून मगच चहा मागतात. उतरताना क्रम उलटा. आधी स्टँड, मग गाडी त्यावर पूर्ण कलती करून हातांतलं वजन सोडायचं, मग पाय. बहुतेक पडणारे उतरताना पडतात. पाय आधी निघतो आणि स्टँड मागाहून आठवतो.

जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये गडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर चालत्या गाडीवर एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसतो आणि आपण टाळ्या वाजवतो. खाली येऊन तो गाडी थांबवतो तेव्हा मात्र कुणी बघत नाही. मी ते बघतो. तो आधी गाडी कलती करतो, मग शांतपणे पाय काढतो.

गॅरेजवाल्या मित्रांना माझी एक विनंती आहे, आणि पार्किंगवाल्या पोरांनाही. वयस्कर माणसाची गाडी परत देताना ती सपाट जागेवर, रस्त्याकडे तोंड करून लावा, आणि डाव्या बाजूला दोन हात जागा मोकळी सोडा. तो चढत असताना मदत म्हणून मागून एकदम कॅरिअर धरू नका. त्याने सांभाळलेला तोल तुमच्या धरण्यानेच जातो. धरायचीच असेल तर समोर उभे राहा, हँडल दोन्ही हातांनी धरा, आणि धरण्याआधी त्याला विचारा.